साधं लिहिलं की लोक हलक्यात घेतात, मग मुद्दाम जड लिहावं का?

तुमचा प्रश्न असा आहे की सोप्या भाषेत लिहिलं किंवा साधं डिझाइन केलं की समोरच्याला वाटतं याला फारसं येत नाही, मग वजन पडावं म्हणून थोडं जड करावं का. माझं म्हणणं, अजिबात करू नका. मी बरीच वर्षं सूचना आणि माहितीपत्रकं लिहितोय त्यामुळे हे रोजचंच आहे माझ्यासाठी.

सुरुवातीला मीपण जडच लिहायचो. एका पत्रकात लिहिलं होतं, "अर्ज सादर करण्यापूर्वी आवश्यक कागदपत्रांची पूर्तता झाली असल्याची खातरजमा करण्यात यावी." वाचायला एकदम भारदस्त. पण लोक अर्धेच कागद घेऊन यायचे आणि प्रत्येक जण विचारायचा, नक्की आणायचं काय? तेव्हा कळलं की अख्ख्या वाक्यात कोणते कागद हेच नाहीये, आणि इतकं जड लिहिल्यामुळे ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मग "येताना हे कागद आणा" एवढंच लिहायला घेतलं तर आधी यादी मलाच शोधावी लागली, दोन-तीन जणांना विचारावं लागलं, आणि शेवटी चाराचे तीन झाले कारण त्यातला एक कागद पुढे कुणी बघतच नव्हतं. म्हणजे भाषा सोपी करायला गेलो आणि कामच सोपं झालं.

आता साधं लिहिणं इतकं अवघड का जातं, तर आपल्याला जे माहीत असतं ते समोरच्याला माहीत नाही हे आपल्या डोक्यात शिरतच नाही. १९९० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी यावर एक फार छान प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली! वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं ना, आणि ऐकणाऱ्याला फक्त टकटक. मला तर माझे जुने मसुदे वाचताना हीच टकटक ऐकू येते.

डिझाइनचं म्हणाल तर लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा बघा. १९३१ मध्ये हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने, म्हणजे तांत्रिक आराखडे काढणाऱ्याने, तो काढला तेव्हा खरी अंतरं, रुळांची वळणं, वरचे रस्ते सगळं काढून टाकलं, रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशातल्या. आधी नकार मिळाला, मग १९३३ मध्ये छापला आणि लोकांनी तो लगेच उचलला. पण माझ्या मते खरी हुशारी त्याने काय ठेवलं यात आहे. स्टेशनांचा क्रम ठेवला, गाडी कुठे बदलायची ते ठेवलं, आणि वरची थेम्स नदी ठेवली म्हणजे आपण शहराच्या कुठल्या बाजूला आहोत ते कळतं. प्रवाशाला गाडीत बसल्यावर एवढंच लागतं. हाच नकाशा घेऊन कुणी पायी निघालं तर मात्र अंतराचा अंदाज साफ चुकेल, म्हणजे साधेपणासुद्धा कुणासाठी आणि कशासाठी हे ठरवूनच करावा लागतो.

म्हणून नुसतं कापत सुटणं मला पटत नाही. औषधाच्या सूचनेतून "जेवणानंतर" हा शब्द जागा वाचवायला काढला तर ते साधं नाही, चूक आहे. कथा-कवितेतही मनातला गुंता खरोखरच गुंत्याचा असेल तर तो सरळ करून टाकू नका, फक्त त्याच्यावर शब्दांचा आणखी गुंता चढवू नका.

आणि साधं वाचून "याला येत नाही" म्हणणारे भेटतीलच, मलाही भेटले, पण ते पत्रक घेऊन काम करायला येणाऱ्यांपैकी एकानेही तसं म्हटलं नाही.

करून बघायचं असेल तर माझी पद्धत सांगतो. मजकूर झाला की त्या विषयाशी अजिबात संबंध नसलेल्या कुणालातरी मोठ्याने वाचायला देतो आणि शेजारी गप्प बसतो. मधेच समजावून सांगायची फार इच्छा होते पण तोंड उघडायचं नाही. तो जिथे अडखळतो किंवा परत मागच्या ओळीवर जातो तिथे पेन्सिलने खूण करायची, आणि मग आधी त्याच ओळी परत लिहायला घ्यायच्या.