सुट्टी घेऊनही थकवा का जात नाही?

प्रश्न : मी अमेरिकेत असायलमचे, म्हणजे मायदेशातल्या छळामुळे आश्रय मागणाऱ्यांचे, खटले चालवते. सुट्टी घेऊन आले तरी फाइल उघडावीशी वाटत नाही. अशिलांनी सांगितलेले प्रसंग झोपेतही दिसतात. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाच्या थकव्याची, तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. अशिलाचे प्रसंग स्वप्नात येणे हा मात्र ऐकलेल्या आघाताचा परिणाम. प्रोक्यूओएल ही ३० प्रश्नांची चाचणी दोन्ही वेगवेगळे मोजते. ती निदान करत नाही, पण जोर कुठे आहे ते कळते.

थकव्यावर सुट्टी पुरत नाही, कारण परतल्यावर तारखा तशाच उभ्या असतात. नवे काम घेताना खटल्यांची संख्या मोजू नका, पुढच्या तीन महिन्यांत लागणारे तास मोजा. एकदा इमिग्रेशन कोर्टात अशिलाची वकील म्हणून हजेरी नोंदवली की न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय खटला सोडता येत नाही. म्हणून नकार द्यायचा तो सुरुवातीलाच. असायलमच्या अर्जाला अमेरिकेत आल्यापासून एक वर्षाची मुदत असते. ऑफिसच्या कॅलेंडरवर मात्र नऊ महिन्यांचीच मुदत लिहा. शेवटच्या आठवड्यातली धावपळ बहुधा मायदेशाहून न आलेल्या कागदांमुळे आणि राहिलेल्या प्रमाणित भाषांतरांमुळे होते.

आघाताचे म्हणाल, तर दिवसात प्रतिज्ञापत्राची एकच बैठक ठेवा, फार तर दीड तासाची. आधी तारखा आणि ठिकाणे, मध्ये हिंसेचा भाग, शेवटी अशिलाचे आजचे घर, मुले, काम. अशीलही त्यामुळे सावरून बाहेर पडतो. त्यानंतर लगेच मसुदा लिहायला बसू नका. फोटो आणि वैद्यकीय अहवाल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी समोर येणार नाहीत. स्वप्ने महिनाभर थांबली नाहीत तर आघातावर काम करणारा समुपदेशक गाठाच. तुमच्या राज्यातला वकिलांसाठीचा साहाय्य कार्यक्रमही मदत करतो आणि ती गोपनीय असते.

प्रश्न : अशील रात्रीही मेसेज करतात. उत्तर नाही दिले तर अपराधी वाटते.

उत्तर : वकीलपत्र घेतानाच लेखी ठरवा. खटला कुठवर आला, याची उत्तरे आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी. तातडीचे म्हणजे अटक, दारात आलेले अधिकारी किंवा हाती पडलेला हद्दपारीचा हुकूम. त्यासाठी वेगळा नंबर द्या आणि तो सहकाऱ्यांमध्ये पाळीने फिरवा. एकट्याची प्रॅक्टिस असेल तर ओळखीच्या दुसऱ्या वकिलाशी अदलाबदल ठरवा. अशिलांची संमती मात्र आधी घ्या.