जर-तरचं इंग्लिश

प्रश्न: ताई, मेलमध्ये मी लिहिलं 'इफ इट विल रेन, आय विल नॉट कम', तर सिनियरने पहिलं 'विल' खोडलं. पाऊस तर उद्याचा आहे ना, मग का?

उत्तर: अगं, मराठीत तू काय म्हणतेस बघ, 'पाऊस आला तर मी येणार नाही'. पाऊस उद्याचा पण आपण चक्क 'आला' म्हणतो, भविष्यकाळ फक्त 'तर'च्या पुढे येतो, तसंच इंग्लिशमध्ये इफच्या बाजूला साधा वर्तमानकाळ, 'इफ इट रेन्स', आणि विल दुसऱ्या बाजूला.

आता खरी गंमत 'असता'ची. 'अभ्यास केला असता तर पास झालो असतो' यात आपण 'असता' दोन्हीकडे लावतो, म्हणून मुलं 'वुड हॅव'पण दोन्हीकडे लावतात आणि तिथेच फसतात, मला ही चूक सगळ्यात जास्त दिसते. बरोबर असं: 'इफ आय हॅड स्टडीड, आय वुड हॅव पास्ड'. इफकडे हॅड, वुड हॅव पलीकडे.

आणि 'मी तुझ्या जागी असते तर'ला 'इफ आय वर यू', बोलताना लोक 'वॉझ' (was) पण म्हणतात, पण परीक्षेत 'वर' (were) हेच लिही.