बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये इंटर्नशिप : पडद्यामागे नेमकं काय काम असतं?

तुमचा प्रश्न असा : यवतमाळ जिल्ह्यातली एक जुनी जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी, म्हणजे बी, काढून रुईच्या गठाणी बांधणारा कारखाना) वारसास्थळ म्हणून जपायचं ठरलंय, तिथे उन्हाळ्याचे दोन महिने इंटर्न म्हणून जायचंय, तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहात, यंत्रांतलं काही कळत नाही. तर काम काय असेल आणि काय शिकून जावं?

पहिल्या दिवशी बहुतेक हातात झाडूच येईल. तो बाजूला ठेवा. अशा जागी कोणती वस्तू कुठे पडली आहे, हीच अर्धी माहिती असते. रेच्याखाली, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राखाली (यालाच जिनही म्हणतात), सांडलेली सरकी, खांबाला टेकवलेला पट्टा, कोपऱ्यातले नट-बोल्टचे पाने, यांची नोंद होण्याआधी झाडलोट झाली की ती माहिती परत मिळत नाही. आणि झाडलोटीचा उत्साह नेमका उद्घाटनाच्या आधी येतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात जागेला पत्ता देण्यापासून करा. जिनहॉलच्या छताच्या कैच्यांना, म्हणजे छत पेलणाऱ्या तिकोनी चौकटींना, क, ख, ग आणि खांबांना १, २, ३ असे क्रम द्या. मग प्रत्येक वस्तू 'ग-४ जवळ, जमिनीवर' अशी सांगता येते. जुनं बांधकाम क्वचितच काटकोनात असतं, म्हणून लांबी-रुंदीबरोबर दोन्ही कर्णही मोजा. नकाशा १:५० ला, यंत्राचा तपशील १:१० ला पुरतो. फोटो चारही बाजूंनी घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि वस्तूचा नंबर लिहिलेली चिठ्ठी फोटोत दिसू द्या. लोखंडावर नंबर थेट रंगवू नका. स्वच्छ केलेल्या छोट्या जागेवर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा थर, त्यावर शाईने नंबर, त्यावर पुन्हा एक थर. पुढे काढायचा झाला तर ॲसिटोनने निघतो. मोठ्या यंत्राला सुती नाडीने बांधलेला बिल्लाही चालतो, पण मूळ कारखान्याने रंगवलेला 'जिन नं. ७' असा आकडा त्याखाली झाकू नका. तो पुढे कारखान्याच्या वह्यांमध्ये सापडणार आहे.

आता यंत्र. एवढं समजलं की नोंदी आंधळ्या होणार नाहीत. रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, दाबून रोलर केलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावर मळसूत्रासारख्या खाचा असतात. रोलरला एक स्थिर सुरी घट्ट दाबलेली असते. खरबरीत चामडं रुईचे तंतू पकडून सुरीखाली ओढतं, सरकी जाड असल्याने अडकते, आणि खालीवर हलणारी दुसरी सुरी तिला ठोकून तंतूंपासून सोडवते. सरकी जाळीतून खाली, रुई पलीकडे. एकच रोलर असेल तर सिंगल, दोन असतील तर डबल रोलर. रोलरचा व्यास दोन्ही टोकांना आणि मध्यभागी असा तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकड्यांत फरक असेल तर झीज एकसारखी झालेली नाही, आणि तशा ठिकाणी सुरी रोलरवर नीट बसत नाही. स्थिर सुरीची धारही त्याच वेळी पाहून घ्या. डबल रोलर जिन आजही भारतभर चालतात, पण मे महिन्यात चालू जिन सापडणं कठीण. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. जमल्यास आधीच्या हिवाळ्यात हिंगणघाट किंवा खामगावकडच्या एखाद्या चालू जिनात दिवसभर उभे राहून बघा. नागपूरला केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्रही आहे.

बऱ्याच जुन्या जिनांत रेचे वरच्या मजल्यावर आणि त्यांना फिरवणारा लांब शाफ्ट खालच्या भुयारी गल्लीत असतो. इंजिनाकडून शाफ्टला, शाफ्टवरून सपाट पट्ट्यांनी प्रत्येक रेच्याला गती. इंजिन भंगारात गेलं असलं तरी पुल्या असतील तर हिशेब लागतो : चालवणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे, बरोबर चालणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे. शाफ्ट मिनिटाला २०० फेरे, त्यावरची पुली २४ इंची, यंत्राची १६ इंची, तर यंत्र ३०० फेऱ्यांनी फिरेल. पट्टा थोडा घसरतो म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. जोडीला एकसारख्या दोन पुल्या दिसल्या तर एक पक्की आणि एक मोकळी असते. पट्टा मोकळीवर सरकवला की शाफ्ट न थांबवता तेवढाच रेचा थांबतो. 'जास्तीची पुली' म्हणून ती कुणी काढून ठेवू नये, एवढं बघा.

ओतीव अक्षरांच्या पाट्या मिळाल्या तर घासून चकचकीत करू नका. प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम किंवा डॉब्सन अँड बार्लो, बोल्टन अशी नावं जिनांवर, मार्शल, गेन्सबरो हे इंजिनावर आढळतं. अक्षरं वाचता येत नसतील तर टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरून फोटो घ्या. बॉयलरवर १९२३ च्या कायद्याने नोंदणी क्रमांक कोरलेला असतो, तोही टिपा. जत्रेच्या दिवशी बॉयलर पेटवून दाखवू, अशी कल्पना कुणाला तरी सुचतेच. तपासणी आणि प्रमाणपत्राशिवाय ते बेकायदा आहे आणि जिवावरचं आहे.

वह्या हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याचं खरं काम तिथेच आहे. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने कुणाचा किती कापूस जिनला, किती गठाणी बांधल्या याच्या नोंदवह्या ठेवणं बंधनकारक केलं, आणि प्रत्येक गठाणीवर अनुक्रमांक व कारखान्याची खूण हवी असं ठरवलं. म्हणून पत्र्याचे छापे, म्हणजे स्टेन्सिल, सापडले तर ते भंगाराच्या ढिगात जाऊ देऊ नका. छापा, वही आणि त्या प्रेसची जागा हे तिन्ही एकमेकांना पुरावा देतात.

मालक मारवाडी किंवा गुजराती असेल तर खातेवही महाजनी किंवा गुजराती लिपीत असते, मराठी कारकुनाची जुनी वही मोडी लिपीत. लिपी येत नसली तरी तारखांचा हिशेब येऊ द्या. वही दिवाळीला उघडते. विक्रम संवतातून दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे, जानेवारीपासून ५६. संवत १९८० चा हंगाम म्हणजे नोव्हेंबर १९२३ ते १९२४ चा उन्हाळा. गुजराती वहीत हा नियम पुढच्या दिवाळीपर्यंत चालतो, मारवाडी वहीत चैत्रात आकडा बदलतो का ते पाहून घ्या. शिवाय मारवाडी महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिथला 'पौष वदी' हा आपला मार्गशीर्ष वद्य. एका पंधरवड्याच्या नोंदी महिनाभर पुढे ढकलल्या जातात त्या इथेच.

वजनं जशी आहेत तशीच लिहा. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, साधारण ३५६ किलो. सरकारी मण ४० शेरांचा, सुमारे ३७.३ किलो, पण गावोगावचे मण वेगळे. किलोत रूपांतर वेगळ्या रकान्यात करा, मूळ आकड्यावर नाही. रुपये-आणे-पै १९५७ पर्यंत. पडताळणीसाठी रुईचा उतारा काढून बघा : आजच्या वाणांत १०० किलो कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या गठाणीला जवळपास पाच क्विंटल कापूस. जुन्या वहीत ४० टक्के दिसला की कारकुनाची चूक समजू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडात पसरलेल्या आखूड धाग्याच्या रोझियम वाणाचा उतारा तेवढाच होता, आणि शेतकऱ्याला तो त्यासाठीच आवडायचा.

वही उघडण्याआधी मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेर धूळ काढा. हात कोरडे आणि स्वच्छ हवेत. सुती हातमोज्यांनी ठिसूळ कागद उलट फाटतो. वाळवी लागलेली वही बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा. फोटो काढताना मोबाईल स्टँडवर सरळ खाली बघणारा, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, आणि कोरी पानंसुद्धा सोडायची नाहीत, नाहीतर पान हरवलं की कोरं होतं हे पुढे कळत नाही.

साफसफाईत कमी करणं हेच शहाणपण. सुटी धूळ ब्रशने, जुनं घट्ट ग्रीस टर्पेंटाइनच्या बोळ्याने, सैल गंज पितळी तारांच्या मऊ ब्रशने. घट्ट बसलेला गंज आणि जुना रंग राहू द्या. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर. मेच्या उन्हात लोखंड तापलेलं असतं तेव्हा मेण छान पसरतं, पावसाळ्यात ओल आत कोंडली जाते. भिंतीला सिमेंटचा गिलावा करायला निघालेल्या ठेकेदाराला मात्र अडवायला सांगा. चुन्याच्या भिंतीतली ओल सिमेंटमधून बाहेर पडत नाही, क्षार आतच साचतात आणि काही पावसाळ्यांत वीट भुगा होते. गिलावा चुन्याचाच हवा : एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि पंधरा दिवस तरी ओलं गोणपाट.

धोके खरे आहेत. पाइप आणि बॉयलरभोवतीचं पांढरट-राखाडी प्लास्टर किंवा दोर ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्याला हात लावायचा नाही. रोलरच्या चामड्याच्या भुशात क्रोमियम असू शकतं, म्हणून हातमोजे आणि एन-९५ मास्क. साधा रुमाल कामाचा नाही. शाफ्टच्या गल्लीत उन्हाळ्यात गारव्याला घोणस, मण्यार, विंचू येतात. गमबूट, टॉर्च आणि काठी घ्या, एकट्याने उतरू नका. प्रेसचा खड्डा खोल असतो, त्यावर टाकलेल्या फळ्यांवर विश्वास ठेवू नका. फ्लायव्हीलला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय कुणी शाफ्टला हात लावायचा नाही, कारण खाली कुणी सहज चाक ढकललं तर वर सुऱ्या हलतात. पत्र्याखाली सकाळी साडेदहानंतर काम होत नाही. सहाला सुरू करा, दुपार वह्यांना द्या.

आणि त्या जिनात राबलेली माणसं. 'तुमचा अनुभव सांगा' म्हटलं की दोन वाक्यांत मुलाखत संपते. त्यापेक्षा एखादा पाना हातात द्या आणि विचारा, "काकाजी, हा कायले वापरत होते?" रेच्यावर कापूस घालणाऱ्या बायांना वेगळं भेटा, मुकादमासमोर त्या मजुरीबद्दल बोलत नाहीत. परवानगी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच आवाजात घ्या आणि वऱ्हाडी शब्द प्रमाण मराठीत 'सुधारून' लिहू नका. गठाणी कुठल्या स्टेशनवर जायच्या हेही विचारा. यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला' रेल्वेचा अरुंद मार्ग कापसासाठीच टाकला होता, आणि बैलगाडीपासून वॅगनपर्यंतची हमाली कुठल्याच वहीत नीट सापडत नाही.

शेवटचे आठ दिवस नवीन काही उघडू नका. ते यादीसाठी ठेवा : नंबर, वस्तू, पत्ता, माप, स्थिती, फोटोचा क्रमांक, नोंद करणाऱ्याचं नाव, तारीख. एक छापील प्रत जागेवर, एक हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावी. जे ओळखता आलं नाही त्यापुढे अंदाज न लिहिता 'अनोळखी' लिहा. पुढचा फिटर ते पाहून सांगेल.