आठवण गेली म्हणजे माणूस गेला?

माणूस आयुष्यभर ‘तोच’ कशामुळे राहतो, या प्रश्नावरचं वाचन इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकपासून सुरू करताय, उत्तम. पण तिथेच मुक्काम ठोकू नका. जाणीव मागे जिथवर पोचते तिथवर माणूस तोच, हे त्यांनी मानवी आकलनावरच्या आपल्या निबंधग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत मांडलं. १७८५ मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडनी त्यातली गोम दाखवली. बाग लुटल्याबद्दल फटके खाल्लेला पोरगा पुढे शत्रूचं निशाण पटकावतो, उतारवयात सेनापती होतो. निशाण घेताना फटके आठवत होते. सेनापतीला निशाण आठवतं, फटके साफ पुसलेले. मग तो पोरगा तोच की नाही? लॉकच्या हिशेबाने दोन्ही उत्तरं निघतात. कागदावर मांडून बघाच.

मन ढासळलेलं असताना मात्र हे वाचन औषध समजू नका, आधी डॉक्टर गाठा.

माझी आजी शेवटी मला ओळखत नव्हती. तरी जवळ गेलं की कॉलर सरळ करायची, पूर्वीसारखीच.