पुण्यात धंद्यासाठी परवडणारा इलेक्ट्रिक टेम्पो घेताना हवी तशी बॉडी, रेंज आणि वेग यांपैकी कशाला जास्त महत्त्व द्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: कोथरूडला बेकरी आहे. पाव, खारी, टोस्ट पहाटे हडपसर-खराडीपर्यंतच्या दुकानांना पोचवता, रोज ७०-८० किलोमीटर होतात. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सासवडची फेरी असते, त्या दिवशी १४०-१५० होतात. पेट्रोलचा टेम्पो काढून इलेक्ट्रिक घ्यायचाय, त्यावर मनासारखी बॉडी बांधायचीय, आणि अमेरिकेतल्या स्लेट या इलेक्ट्रिक ट्रकसारखं आपल्याकडे काही मिळतं का, हेही विचारलंय.

माझं भोसरीत टेम्पोच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप आहे, त्यामुळे मी गाडीकडे हौद्याच्या बाजूने बघतो. माझं मत स्पष्ट आहे. आधी बॉडी ठरवा. रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, किती लागेल ते बॉडीवरून निघतं. वेग सगळ्यात शेवटी.

आधी स्लेटचं सांगतो, कारण त्याच्या बातम्या वाचून बरेच जण विचारायला येतात. एप्रिल २०२५ मध्ये तो अमेरिकेत दाखवला गेला. रंग नाही, एकाच राखाडी प्लॅस्टिकच्या पॅनेलची गाडी, खिडक्या हाताने फिरवायच्या, आत टचस्क्रीन नाही. वर काय चढवायचं ते गिऱ्हाइकाने ठरवायचं: रंगीत फिल्म, रॅक, अगदी मागे सीटं आणि छप्पर बसवून दोन सीटांची पाच सीटं करणारा किटसुद्धा. छोटी बॅटरी ५२.७ युनिटची (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास), कंपनीच्या अंदाजाने २४० किलोमीटर, मोठी ८४.३ युनिटची, सुमारे ३८५. कमाल वेग १४५. किंमत सुरुवातीला २०,००० डॉलरच्या आत सांगितली होती, पण त्यात सरकारची ७,५०० डॉलरची सवलत धरलेली होती आणि ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. सवलत धरूनही ते आपले सतरा-अठरा लाख होतात, गाडी इथे विकत मिळत नाही आणि स्टिअरिंग डावीकडे. त्यातून शिकण्यासारखी गोष्ट एकच, पण मोलाची आहे. कंपनीने आधी मोकळी, साधी गाडी केली आणि बदल बोल्टने बसतील अशा जागा मुळातच ठेवल्या. बदल करायचेत हे धरूनच गाडी आखली आहे.

आपल्याकडे दोन कारणांनी तसं मोकळं रान नाही. पहिलं कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात कंपनीने दिलेले जे तपशील नोंदले आहेत त्यांच्याशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. मालाच्या टेम्पोत मागे सीटं टाकून माणसं बसवणं तर विसराच. उघड्या हौद्याचा बंद डबा करायचा असेल तर तो आरसीवर चढला पाहिजे, विम्यात कळवला पाहिजे, नाहीतर पासिंगला अडकतो आणि अपघात झाला तर क्लेम लटकतो. दुसरं कारण बॅटरीचं. छोट्या इलेक्ट्रिक टेम्पोत बॅटरी हौद्याच्या खालीच असते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीवर आम्ही सांगाड्याच्या चॅनेलला सरळ वेल्डिंग मारायचो. इथे तसं मारू द्यायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. यू-बोल्टने बांधा, कंपनी बॉडी बांधणाऱ्यांसाठी ज्या सूचना देते त्या डीलरकडून मागून घ्या. डीलरकडेच बंद डब्याचं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या आणि फक्त आतली मांडणी माझ्यासारख्याकडून करून घ्या. रॅक, क्रेटचे गाळे, दिवे यात हवी तेवढी हौस करता येते.

आता तुमच्या मालाकडे. पाव हलका, पण जागा खातो. तुम्हाला टन नकोत, घनफूट हवेत. एक टनाची गाडी घेऊन तीनशे किलो माल वाहणं म्हणजे न वापरलेल्या ताकदीचे हप्ते भरणं. जून २०२५ मध्ये आलेला टाटाचा एस प्रो ईव्ही बघा: ७५० किलो लोड, १४.४ युनिटची बॅटरी, कागदावर १५५ किलोमीटर, आला तेव्हा सुरुवातीची किंमत साडेसहा लाख. त्याच्याआधीचा, २०२२ चा एस ईव्ही ६०० किलो लोडचा, पण बॅटरी २१.३ युनिटची आणि कागदावर १५४. बॅटरी जवळपास दीडपट असून रेंज तेवढीच, कारण गाडी आणि तिचा डबा मोठा आहे. किलोमीटरला एकीकडे ९३ वॉट-तास जातात, दुसरीकडे १३८. मध्ये महिंद्राचा झिओही आहे, तोही बघून या.

इथे एक गणित गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. समजा तुमच्या उंच डब्यामुळे आणि आतल्या सामानामुळे किलोमीटरमागे ३० वॉट-तास जास्त जायला लागले. छोट्या बॅटरीच्या गाडीचे ९३ चे १२३ झाले, म्हणजे १५५ ची रेंज ११७ वर आली. मोठ्या बॅटरीच्या गाडीचे १३८ चे १६८ झाले, म्हणजे १५४ ची १२७. बॉडी तीच, पण एकीकडे रेंज चौथ्या हिश्श्याने कमी झाली आणि दुसरीकडे सहाव्या हिश्श्याने. काटकसरी गाडीवर बांधलेली जड बॉडी जास्त बोचते. म्हणून गाडी जितकी स्वस्त आणि छोटी, तितकी बॉडी जपून बांधायला हवी.

जपून म्हणजे कशी? उंची क्रेटवरून ठरवा, हौसेवरून नाही. क्रेट ६०० बाय ४०० मिलिमीटरचे असतील तर साडेसहा फूट हौद्याच्या लांबीत लांब बाजूने तीन रांगा बसतात आणि अर्ध्या फुटाहून थोडी जागा उरते. ती मागच्या दारापाशी ठेवा, रिकामे क्रेट उभे सरकवायला बरी पडते. थर किती लावता ते मोजा, त्यावर हात शिरेल एवढी जागा सोडा आणि तिथेच छप्पर घ्या. केबिनच्या वर जेवढा डबा निघतो तेवढाच वाऱ्याला आडवा येतो, म्हणून पुढची कड गोल करून घ्या. पत्र्याऐवजी अॅल्युमिनियम वापरा. त्याची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश आहे. तेवढीच मजबुती हवी तर जाडी वाढवावी लागते, तरी वजनात चांगलाच फरक पडतो. खाली चेकर प्लेट (उठावाचा जाड पत्रा) नको, तुमच्या मालाला तिची गरजच नाही. आणि डाव्या बाजूला एक सरकतं दार नक्की करून घ्या. पेठांतल्या गल्लीत मागचा फाळका उघडून माल काढायचा तर मागची सगळी रहदारी थांबते. फुटपाथच्या बाजूने माल काढला की दुकानामागे दोन-तीन मिनिटं वाचतात. एवढी मिनिटं दिवसभरात कुठलाही कमाल वेग वाचवून देणार नाही.

रेंजचं. कागदावरचा आकडा ठरावीक चाचणी-चक्रावर मिळतो. अशा चाचण्या करणारी एआरएआय आपल्या कोथरूडच्याच टेकडीवर आहे. तो आकडा खोटा नसतो, पण त्या चक्रात तुमचा डबा नसतो, उन्हाळा नसतो आणि सिंहगड रोडही नसतो. मी लोकांना ६५ ते ७० टक्के धरायला सांगतो, म्हणजे १५५ चे १०० ते ११०. पुढे चार-पाच वर्षांनी बॅटरी दहा-पंधरा टक्के उतरेल तेव्हा ९० उरतील असं समजून चला. तुमच्या ७०-८० च्या दिवसाला ते पुरतात.

अडचण सासवडच्या दिवसाची आहे. बरेच जण त्या दोन दिवसांसाठी मोठी बॅटरी घेतात आणि उरलेले पाच दिवस ती उगाच वाहून नेतात. तुमचा माल सकाळी दहापर्यंत उतरतो आणि सासवडला संध्याकाळी निघता, मधे गाडी बेकरीत उभी असते. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तासाला तीन युनिटच्या आसपास जातात; तीन-चार तास लावलीत तर निम्म्याहून जास्त बॅटरी परत भरते. मीटरवर लोड वाढवून घ्या, स्वतंत्र वायर आणि चांगलं अर्थिंग करा. बेकरीची भट्टी आणि मिक्सर ज्या लाइनवर आहेत त्यावर चार्जर लावू नका.

सासवडच्या वाटेवरच्या दिवे घाटाला घाबरू नका, पण तो हिशोबात धरा. मालासकट दीड टन वजनाची गाडी शंभर मीटर वर चढवायला, मोटारीतला तोटा धरून, अर्धा युनिट लागतो. म्हणजे शंभर मीटर चढ हा साधारण पाच किलोमीटर सपाट रस्त्याएवढा. परतताना रिकामी गाडी उतरते तेव्हा यातला काही भाग बॅटरीत परत जातो, कारण तेव्हा बॅटरीत जागा असते. घाटमाथ्यावर पूर्ण चार्ज करून लगेच उतरणाऱ्याला तो फायदा मिळत नाही, तुम्हाला मिळेल.

वेगाबद्दल थोडंच बोलतो. टॉमटॉमच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होती, जगात चौथा नंबर. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. इथे गाडीची कमाल ६० की ८० याने पाव लवकर पोचत नाही, आणि मालवाहू गाडीला ८० च्या वर जायची मुभाही नाही. उलट वारा वेगाच्या वर्गाने वाढतो: ४० वरून ६० ला गेलात की वाऱ्याचा विरोध सव्वादोन पट. तुमचा डबा उंच असल्याने हे तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागू आहे. बायपासवर पहाटे रस्ता मोकळा मिळतो तेव्हा ड्रायव्हर गाडी ताणतात आणि दहानंतर बॅटरीचा काटा खाली गेलेला बघून घाबरतात. ड्रायव्हरला ४५-५० सांगून ठेवा. तुम्हाला बघायचाय तो दुसरा वेग: भरलेली गाडी घाटात वळणावर थांबवून पुन्हा उचलली तर ती कशी निघते. इलेक्ट्रिक मोटार सुरुवातीपासूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे यात ही वाहनं बहुतेक चांगली असतात, तरी स्वतः बघा.

पैशाचं ढोबळ गणित असं. पेट्रोलचा टेम्पो लिटरला १८ देतो आणि पेट्रोल शंभरीपार आहे असं धरलं तर किलोमीटरला साडेपाच-पावणेसहा रुपये. विजेचा युनिट दहा रुपये धरला तर प्रत्यक्षात दीड रुपया. महिन्याला दोन हजार किलोमीटरच धरले तरी आठ हजारांच्या आसपास उरतात. टाटाच्या त्याच एस प्रोचं पेट्रोल मॉडेल आलं तेव्हा ३.९९ लाखांना होतं; अडीच लाखांचा फरक अडीच वर्षांत निघतो. गरजेपेक्षा मोठी बॅटरी घेतलीत की हीच मुदत लांबते, म्हणून मी बॅटरी नेमकी घ्या म्हणतोय. बॅटरीच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही.

डीलरकडे जाताना रिकाम्या गाडीची चक्कर घेऊ नका. तुमच्या मालाच्या वजनाएवढी मैद्याची पोती टाका, कोथरूडहून निघून वडकीमार्गे दिवे घाट चढून सासवडला जा आणि परत या. निघताना, घाटाच्या पायथ्याशी, माथ्यावर आणि परत आल्यावर बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवा. डीलर नाही म्हणाला तर दुसऱ्या डीलरकडे जा. ते चार आकडे आणि तुमच्या क्रेटचं माप इथे खाली लिहिलंत तर डब्याची उंची किती घ्यावी ते मी काढून देतो.