नावातच सगळं आहे
अगं, कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या तुझ्या पहिल्या जूनमध्ये गर्दीला घाबरू नकोस, नावांना घाबर. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, शेवटी आईचं नाव. आधारवर क्रम उलटा. एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचे अभ्यासाचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर, आधारवरून निघतो, मग १२ आकडे बरोबर असूनही क्रेडिट जुळत नाहीत. म्हणून फॉर्म भरतानाच मूळ मार्कशीट समोर ठेव, मुलाकडून स्पेलिंग वाचून घे. मी एकदा ‘वाय’ऐवजी ‘आय’ टाकला, तो थेट पदवी प्रमाणपत्रापर्यंत गेला! पोरगा विरारहून चार खेपा घालत होता.

दुरुस्ती तोंडी सांगण्यावर कधीच नाही. अर्ज, पुरावा, सही. बाहेरच्या बोर्डाचा विद्यार्थी असेल तर मायग्रेशन (जुना बोर्ड सोडल्याचा दाखला) आणि प्रवेशाची पात्रता आधी बघ, फी नंतर. आणि आपला पासवर्ड शेजारच्या टेबलालाही देऊ नकोस, चहा पाजला तरी.