लेकीला बॅरिस्टर करायचंय, पण शेत विकायची घाई करू नका

नमस्कार दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी पाच वर्षांच्या लॉच्या चौथ्या वर्षाला, मूट कोर्टमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांत, चांगली बोलते, लंडनला जाऊन बॅरिस्टर व्हायचंय म्हणते, आणि तुम्ही विचारलंय की तीन एकरातलं दीड एकर आत्ताच काढलं तर भाव बरा येईल, काढू का. तर आधी हेच सांगते, आत्ता काढू नका. निदान स्कॉलरशिपचा निकाल हातात येईपर्यंत तरी सातबाऱ्याला हात लावू नका.

आता पैशाचं बघू. बॅरिस्टर व्हायला जो बार कोर्स करावा लागतो, नुसत्या त्याची फी साधारण १३ ते २० हजार पौंड, लंडनचं राहणं-खाणं वेगळं. पण तिथे इन्स ऑफ कोर्ट म्हणून चार जुन्या संस्था आहेत, लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. बॅरिस्टर व्हायचं तर यातल्या एकीचं मेंबर व्हावंच लागतं, आणि ट्रेनिंगसाठी सगळ्यात मोठ्या स्कॉलरशिपही ह्याच देतात, चौघी मिळून दरवर्षी पन्नास लाख पौंडांच्या वर. निवड मुख्यतः गुणवत्तेवर होते, रक्कम ठरवताना बहुतेक ठिकाणी घरची परिस्थिती बघतात. फक्त एका वर्षी एकाच इनकडे अर्ज करता येतो, त्यामुळे चारही ठिकाणी टाकून बघू असं चालत नाही.

आणि तारखा! इथेच मुलं चुकतात. बार कोर्सच्या स्कॉलरशिपचा फॉर्म कोर्सच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत जावा लागतो. म्हणजे सप्टेंबरात कोर्स सुरू होणार तर जवळजवळ दहा महिने आधी. त्यात आपली भारतातली डिग्री असली की तिथल्या बार स्टँडर्ड्स बोर्डाकडून शैक्षणिक पात्रतेचा दाखला घ्यावा लागतो, आणि बऱ्याचदा ते इंग्लिश कायद्याचे विषय आधी करायला लावतात, त्याचा एक डिप्लोमा असतो. त्या डिप्लोमासाठी इन्सची वेगळी स्कॉलरशिप आहे, तिची मुदत डिप्लोमा सुरू होतो त्याच वर्षीच्या मे महिन्यातला पहिला शुक्रवार. म्हणजे पाचवं वर्ष संपता संपता हा फॉर्म, आणि डिप्लोमा सुरू झाल्या झाल्या नोव्हेंबरात पुढचा. खर्चही दोन वर्षांचा धरा, एका वर्षाचा नाही.

हे मुद्दाम सांगते कारण अर्ध्यात पैसे संपणं फार वाईट. बाबासाहेबांचं बघा ना, १९१६ला ग्रेज इनमध्ये नाव घातलं आणि १९१७ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून परत यावं लागलं, मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांकडून कर्ज घेतलं, १९२०ला परत गेले आणि १९२२ला बॅरिस्टर झाले.

तुम्ही अनुसूचित जातीचा दाखला आहे लिहिलंय, तर आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती जरूर बघा. पण ती मास्टर्स आणि पीएचडीसाठी आहे आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे, बार कोर्स घेणाऱ्या बऱ्याच संस्था त्यात बसतच नाहीत. म्हणजे एलएलएमला तिचा उपयोग, बारला ती धरून चालू नका. जे. एन. टाटा एंडोमेंटचं पण नाव ऐकलं असेल, ती लोन स्कॉलरशिप आहे, परत फेडायची असते.

आता तिला विचारायचा प्रश्न, आणि तो तुम्हीच शांतपणे विचारा: वकिली कुठे करायचीय? कारण १९७६ नंतर बॅरिस्टर झालेल्याला नुसत्या त्या पदवीवर आपल्याकडे सनद मिळत नाही. तिची इथली एलएलबी आहे म्हणून सनद मिळेलच, पण मग लाखो रुपये कशासाठी हे तिला स्वतःला नीट सांगता आलं पाहिजे. तिकडेच राहायचं तर कोर्सनंतर वर्षभराची प्युपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, मिळवावी लागते. तिथे पगार मिळतो पण जागा थोड्या आणि अर्ज प्रचंड, खरी गाळणी तिथेच आहे. इन्ससुद्धा फॉर्ममध्ये आणि मुलाखतीत प्रॅक्टिस कुठे करणार हे बघतात, म्हणून प्रत्येक इनचे नियम आधी वाचा. आणि एक वाट अशीही आहे की इथे सनद घेऊन काही वर्षं कोर्टात उभं राहायचं, मग परदेशी वकील म्हणून तिकडे अर्ज करायचा, त्यात काही सूट मिळू शकते. मला विचाराल तर तुमच्या घरासाठी ही वाट मला जास्त पटते.

फॉर्मचं थोडं. गेल्या वर्षी एका मुलीचा मसुदा माझ्याकडे आला होता, पहिलंच वाक्य "मला लहानपणापासून न्यायाची आवड आहे". मी म्हटलं हे काढ, कोर्टात काय पाहिलंस ते सांग. तर ती म्हणाली, बांधाच्या वादात आजोबांबरोबर तालुक्याच्या कोर्टात जायचे, आमचा वकील साक्षीदाराला एकच प्रश्न तीन वेळा वेगळ्या शब्दांत विचारत होता आणि तिसऱ्या वेळी साक्षीदार अडखळला. मी म्हटलं हेच लिही! तुमच्या लेकीकडेही असं काहीतरी असणारच, मूट कोर्टची नुसती सर्टिफिकेटं जोडून भागत नाही.

दोन रेफरी, म्हणजे तिच्याबद्दल शिफारस लिहिणारेही लागतात, तेव्हा जे सर तिला खरंच ओळखतात त्यांना दिवाळीच्या सुट्टीआधीच सांगून ठेवा. आणि तिला म्हणावं मसुदा मला पाठव, मी बघते.